शंभर मीटरची टेकडी



स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी शिखरांच्या गोष्टी सांगायच्या, अशी रीत आहे. मी मात्र एका टेकडीबद्दल बोलणार आहे. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या दक्षिणेला, महामार्गालगत बक हिल नावाची टेकडी आहे. तिची उंची शंभर मीटरही भरत नाही. याच टेकडीवर मूळचे ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक एरिक सेलर यांच्या हाताखाली स्कीपटू लिंडसे वॉन लहानपणी तयार झाली आणि 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तिने डाउनहिल शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. छोट्या उताराचा फायदा असा, की घसरत खाली यायला फार वेळ लागत नाही. लिफ्टने पुन्हा वर जायचे आणि तेच वळण पुन्हा गिरवायचे. कोणी म्हणेल, पुढे ती कोलोरॅडोतल्या मोठ्या डोंगरांवर गेलीच ना? गेली, आणि जायलाच हवे होते. पण पाटीवर घोटलेले अक्षरच पुढे वहीत वळणदार उतरते.

तरीही मला विजेतीपेक्षा अशा टेकडीवर शिकवणाऱ्यांचे काम अधिक विचार करण्याजोगे वाटते. त्यांच्यापुढे असतात पहिल्यांदाच बर्फावर उभी राहिलेली, घाबरलेली मुले. स्कीची पुढची टोके जवळ आणून मागची बाजू फाकवली, की वेग कमी होतो. हे कोन मुलांना कसे समजावणार? तिथले प्रशिक्षक म्हणतात, 'पिझ्झा करा!' त्रिकोणी तुकडा मुलांच्या डोळ्यांपुढे येतो आणि पाय आपोआप वळतात. निष्णात स्कीपटूला हे सुचेलच असे नाही; अंगवळणी पडलेली गोष्ट उकलून सांगणे त्यालाही जड जाते. म्हणूनच 1961 मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील स्की प्रशिक्षकांची संघटना प्रमाणपत्र देताना उमेदवाराच्या स्कीइंगबरोबर त्याचे शिकवणेही तपासते. आधी पारंगत व्हावे, मगच शिकवावे, हा आक्षेप रास्त आहे. अर्धवट ज्ञानाने बर्फावर हातपाय मोडतात. त्यावर उपाय म्हणून प्रमाणपत्राला पातळ्या आहेत. पहिल्या पातळीच्या प्रशिक्षकाकडून अपेक्षा नवशिक्यांना शिकवण्याची असते. त्याचे ज्ञान थोडे चालेल, पण तेवढे पक्के हवे.

आपल्याकडे बर्फ नाही. पण अपूर्णांकांत अडलेला शेजारचा सहावीतला मुलगा आहे. आज बक्षीस मिळालेल्यांनी उद्या त्याच्याजवळ बसावे. आपल्याला काय समजले आहे आणि काय नुसतेच पाठ आहे, हे दहा मिनिटांत कळेल.