बोल एक, अर्थ दोन
(धर्मग्रामाच्या महोत्सवी मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं इतिहास सांगावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे व देवाचे उपकार स्मरावे, असा शिरस्ता आहे. तें कार्य माझ्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें पार पाडलें आहे. माझ्या वांट्यास आलेला थोडा वेळ मी एका हलक्याफुलक्या विषयास देणार आहें. एकाचें बोलणें दुसऱ्यास भलतेंच ऐकूं येतें, घटकाभर घोटाळा होतो आणि शेवटीं दोघांनाहि हसूं येतें. अशा प्रसंगांविषयीं मी बोलणार आहें. विषय हलका खरा, पण त्याच्या पोटांत एक जड गोष्ट दडलेली आहे. तिच्याकडेहि आपण वळूं.

असे घोटाळे आपल्याकडे इतके कां होतात, हें उघड आहे. पवनेच्या कांठचीं हीं गांवें एके काळीं शेतीवर जगत होतीं. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीस येऊन राहिले. १९५४ सालीं येथें पेनिसिलीन तयार करण्यासाठीं ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पाहतां पाहतां पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा सारा पट्टा कारखान्यांनीं भरून गेला. ज्या चाकणचें नांव लोक किल्ल्यासाठीं व कांद्याच्या बाजारासाठीं घेत, तेथेंहि आतां मोटारगाड्या तयार होतात. अहिल्यानगर व जालना जिल्ह्यांतून, वसईहून, गोव्याहून, केरळांतून, तामिळनाडूंतून, झारखंड व ओडिशांतून माणसें आलीं. प्रत्येकानें आपली ट्रंक आणली आणि ट्रंकेबरोबर आपली बोलीहि आणली. मग घोटाळा न झाला तरच नवल!

आपल्या एका मराठी भगिनीची गोष्ट ऐका. ती नव्यानें राहावयास आलेल्या केरळी शेजारणीकडे बसावयास गेली. यजमानीण मुलीस आंत हांक मारून कांहीं बोलली. त्यांतले दोनच शब्द आमच्या भगिनीच्या कानीं पडले: ‘चाय’ आणि ‘पाल’. बाईंनीं दचकून प्रथम आढ्याकडे पाहिलें व मग भीत भीत चहाच्या भांड्याकडे! मलयाळम भाषेंत दुधास ‘पाल्’ म्हणतात, हें मुलगी दुधाची पिशवी घेऊन आली तेव्हां उलगडलें. पण पालीची कथा येथेंच संपत नाहीं. मलयाळममध्यें ख्रिस्तमंदिरास ‘पळ्ळी’ म्हणतात आणि भिंतीवरच्या पालीस म्हणतात ‘पल्ली’. आपणां मराठी माणसांस ‘ळ’ चांगला येतो म्हणून आपण सुटलों. आमचे उत्तरेकडील एक बंधु मात्र केरळी मित्रास मोठ्या प्रेमानें म्हणाले, “रविवारीं आपण दोघे मिळून पल्लीला जाऊं.” म्हणजे मराठी बाईच्या चहांत न पडलेली पाल शेवटीं चर्चच्या दाराशीं जाऊन बसली!

गोव्याकडील कित्येक ख्रिस्ती घरांत बापास ‘पाय’ म्हणतात; तो पोर्तुगीज शब्द आहे. अशाच एका घरचा मुलगा येथील मराठी शाळेंत जाऊं लागला. बाईंनीं त्यास विचारलें, “आज तुला सोडावयास कोणी कसें आलें नाहीं?” मुलानें नुकत्याच शिकलेल्या मराठींत उत्तर दिलें, “माझा पाय कारखान्यांत गेला.” त्या माउलीच्या काळजाचा ठोका चुकला. सायंकाळीं तोच ‘पाय’ हातांत डबा घेऊन, आपल्या दोन्ही धड पायांनीं चालत मुलास न्यावयास आला, तेव्हां बाईंच्या जिवांत जीव आला.

कारखान्यांतली एक गोष्ट सांगतों. भोसरीच्या एका लहानशा कारखान्यांत एक तरुण नव्यानें कामास लागला. पहिल्याच दिवशीं गुजराती मिस्त्री यंत्राखालून हात बाहेर काढून ओरडला, “डिसमिस!” पोराचा चेहरा पांढराफटक पडला. तो मुकाट्यानें आपली पिशवी उचलून दाराकडे निघाला. गुजराती कारागीर पेचकसास ‘डिसमिस’ म्हणतात, हें त्या बिचाऱ्यास कोठून ठाऊक असणार? मिस्त्रीनें त्यास दारांतून परत आणलें, पेचकस हातीं देऊन त्याचें नांव सांगितलें आणि वर चहा पाजला. तो चहा मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या गांवांचीं नांवेंहि ह्या खेळांतून सुटलेलीं नाहींत. पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव, पिंपळे निलख हीं नांवें आपल्या कानांस किती गोड लागतात! परंतु इंग्रजी अक्षरांतला फलक वाचून परगांवचा नवा इंजिनीयर बुचकळ्यांत पडतो कीं, तोंडावरच्या पुटकुळ्यांचा हा सौदागर कोण?

आतां जड गोष्टीकडे वळूं. वरच्या सर्व प्रसंगांत हसूं आहे, पण तें दोघांचें मिळून आहे. शेजारणी एकत्र हसल्या. मिस्त्रीनें चहा पाजला. परंतु हसण्याचा दुसराहि एक प्रकार असतो. चौघे हसतात आणि पांचवा खालीं मान घालतो. झारखंडहून आलेला एखादा पोरगा ‘मला भूक लागली’ म्हणण्याऐवजीं ‘मी भूक लागला’ म्हणतो. आपण त्याची नक्कल करतों, दुसऱ्या दिवशीं पुन्हां करतों, आणि तें त्याचें टोपणनांव होऊन बसतें. ह्यांत काय मोठें पाप झालें, असें आपण म्हणूं. पण त्या पोरानें त्यांतून एक धडा घेतलेला असतो: येथें तोंड उघडूं नये. पुढें त्यास कोणी कांहीं समजावून सांगितलें व ‘समजलें काय?’ असें विचारलें, तर त्यास कांहीं कळलेलें नसलें तरी तो मान हालवून ‘हो’ म्हणतो.

बंधुभगिनींनो, हा लाजेचा ‘हो’ फार घातक आहे. तुमच्यापैकीं ज्यांनीं प्रेसवर काम केलें आहे, त्यांस मी काय सांगावें? यंत्र कोणाची भाषा जाणत नाहीं. हात केव्हां आंत घालावा व केव्हां घालूं नये, ही सूचना न समजतां ज्यानें ‘हो’ म्हटलें, त्यास त्या एका अक्षराची किंमत बोटांनीं द्यावी लागते. मग ‘माझा पाय कारखान्यांत गेला’ ह्यासारखें वाक्य विनोद राहत नाहीं. दवाखान्यांत औषधाच्या वेळा न समजलेली म्हातारीहि ह्याच लाजेनें ‘हो’ म्हणते. चेष्टेनें माणसाचा नुसता मान जात नाहीं. त्याचा प्रश्न विचारण्याचा धीर जातो, आणि परक्या गांवीं तो धीर हेंच त्याचें संरक्षण असतें.

उच्चाराची थट्टा कोठवर जाते, हें शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत वाचावें. गिलादी लोकांनीं यार्देनेचे उतार अडविले व येणाऱ्या प्रत्येकास ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास लावलें. एफ्राईमी माणसास ‘श’ म्हणतां येत नसे. तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे, आणि तेथेंच त्याचा वध होई. बेचाळीस हजार माणसें पडलीं, असें तेथें लिहिलें आहे. ह्याच्या उलट पन्नासाव्या दिवसाचा प्रसंग आठवा. प्रेषित नाना भाषांत बोलूं लागले, तेव्हां कांहीं टवाळांनीं ठरविलें कीं हे दारू प्यालेले आहेत. संत पेत्र रागावला नाहीं. अजून सकाळचे नऊच वाजले आहेत, एवढेंच त्यानें शांतपणें निदर्शनास आणलें आणि मग मुख्य गोष्ट समजावून सांगितली. गैरसमजास उत्तर द्यावें तें असें.

थोरांसहि हा घोटाळा चुकला नाहीं. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ सालीं जपानांत उतरला. दुभाष्यानें सुचविल्यावरून तो परमेश्वरास ‘दाइनिची’ म्हणूं लागला. तें नांव तेथील बौद्धांच्या एका बुद्धाचें होतें, म्हणून त्यांच्या भिक्षूंस हा पाहुणा आपलाच वाटला! खरा अर्थ कळतांच संतानें तो शब्द टाकला व ‘देउस’ हा शब्द घेतला. त्यानें चौकशी केली म्हणून चूक सुधारली. फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वित १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१६ सालीं त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या त्या माणसास ‘ह्या शब्दाचा अर्थ काय?’ असें कितीदां विचारावें लागलें असेल, ह्याचा विचार करा. आणि प्रत्येक वेळीं कोणी तरी सरळपणें अर्थ सांगितला असेल, ह्याचाहि करा.

आपण तर अशाच देवघेवीवर पोसलेलों आहों. महिनाअखेर ज्याची वाट पाहतों तो ‘पगार’ पोर्तुगीज आहे. त्या भाषेंत तो ‘देणें चुकविणें’ अशा अर्थाचें क्रियापद आहे, आपण त्याचें नाम करून टाकलें. ‘चावी’ त्यांचीच, न्याहारीचा ‘पाव’हि त्यांचाच. काल ज्या शब्दांपाशीं कोणी अडखळलें असेल, ते आज आपल्या मायबोलींत सुखानें नांदत आहेत.

म्हणून ह्या महोत्सवाच्या दिवशीं मी तुमच्यापाशीं दोन गोष्टी मागतों. घोटाळा झाला तर मनसोक्त हसावें. पण ज्याचा घोटाळा झाला तो हसतो आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. आणि नव्या माणसास ‘समजलें काय?’ असें विचारूं नये. ‘तुम्हांस काय समजलें तें सांगा,’ असें म्हणावें. दुसऱ्या प्रश्नास नुसत्या ‘हो’नें उत्तर देतां येत नाहीं. आपल्या धर्मग्रामांत ‘मला समजलें नाहीं, पुन्हां सांगा’ हें वाक्य कोणत्याहि भाषेंत, कितीहि मोडकें बोललें, तरी बोलणाऱ्यास लाज वाटूं नये. जेथें तें निर्भयपणें बोलतां येतें, तें गांव परकें राहत नाहीं.

 देव आपणां सर्वांचें कल्याण करो.