सोळा कोनांचं तळं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘लोहगडवाडीबद्दल बोल’ असं सांगितलंय आणि वेळ दिलाय सात मिनिटं. वाडीबद्दल बोलायला बसलो तर जेवणं थंड होतील. म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो, ती म्हणजे गडावरचं मोठं तळं.

ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. सहलीत सरांनी आपल्याला त्याचे कोन मोजायला लावले होते. कुणाचे चौदा भरले, कुणाचे सतरा, आणि मागच्या रांगेतल्यांनी न मोजताच सोळा सांगितले, कारण त्यांनी आम्हा वाडीच्या पोरांना आधीच विचारून ठेवलं होतं!

हे तळं नाना फडणीसांनी बांधवलं. नानांचा या गडावर फार जीव. त्यांचा विश्वासू माणूस धोंडोपंत नित्सुरे इथला कारभार पाहायचा. १७८९ साली नानांनी गडाची बांधकामं भक्कम केली, एक बाव बांधली आणि तसा शिलालेखही कोरवला. पण गडावर पाणी साठवायची पद्धत नानांच्या कितीतरी आधीची. लोहगडाच्या कड्यातल्या एका लेण्यात २०१९ मध्ये ब्राह्मी लिपीतला लेख सापडला. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यातही पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलंय की गड बांधण्याआधी पाणी पाहावं, आणि झरा असला तरी त्याच्या भरवशावर न राहता टाकी-तळी करावीत. कारण तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. गडावर टाकं खोदलं की पाण्याची सोय व्हायची आणि निघालेला दगड तटाला लागायचा. एका कामात दोन कामं.

आता आजचं सांगतो.

आपल्याकडे पाऊस किती पडतो ते मावळच्या माणसाला सांगायला नको. तळं भरण्याची चिंता कधीच नव्हती. चिंता आहे ती पाण्याबरोबर येणाऱ्या मातीची. पठारावर गवत टिकलं तर माती जागेवर राहते. पण पावसाळ्यातल्या एका रविवारी वर किती पावलं पडतात ते येऊन बघा. गवत तुडवलं जातं, माती सुटते, उताराला लागते आणि तळ्यात येऊन बसते. तिच्याबरोबर बाटल्या, वेफर्सची पाकिटं, फाटके रेनकोट. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला लोहगड आहे. वाडीत पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. पण यादीत नाव गेलं म्हणून तळ्यातला गाळ आपोआप निघत नाही.

लोहगड-विसापूर विकास मंचाची मंडळी या दोन गडांसाठी वर्षानुवर्षं राबतायत. त्यांच्याकडे बघून आम्ही वाडीतल्या काही घरांनी एवढंच ठरवलं की तळ्याचा काठ आपला. सोमवारी सकाळी, रविवारची गर्दी उतरली की, पोती घेऊन वर जायचं. बायका जास्त येतात, पुरुष कमी. हे लिहून छापलं तरी चालेल.

वाडीत यावरून वादही झाले. काही तरुणांचं म्हणणं, तळं चकाचक करा, कठडा बांधा, दिवे लावा, लोकांना पोहू द्या, गावाला चार पैसे मिळतील. त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. वाडीचं पोट आज पर्यटकांवर आहे, माझ्या भावाचंही. पण हे १९०९ पासून संरक्षित स्मारक आहे, तिथं सिमेंटचं एक घमेलंही मनानं टाकता येत नाही. आणि पोहण्याचं म्हणाल, तर खाली गाळ किती आहे ते वरून दिसत नाही. माणूस उडी मारतो आणि पाय रुततात. जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. पाण्याजवळ राहणाऱ्या आपल्याला तरी वेगळं सांगायला नको. आपण पोहायला शिकलो ते विहिरीत, कमरेला भोपळा बांधून आणि काठावर काका उभा असताना. गडाच्या तळ्यात उतरलेल्या पोराला आमच्या म्हाताऱ्या शिव्या घालून बाहेर काढायच्या. ते पिण्याचं नसलं तरी गुरांचं पाणी होतं.

गाळाचं काम मात्र पोत्यांनी होणारं नाही. त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि ती हातात आल्याशिवाय आम्ही फावडं लावणार नाही. मोजमाप, नकाशा, फोटो घेऊन रीतसर अर्ज करायचाय. काढलेला गाळ कुठं टाकायचा हेही आधी ठरवायला हवं. काही गडांवर मी पाहिलंय, उत्साहानं काढलेला गाळ काठावरच रचतात आणि पहिल्या वळवाच्या सरीत तो परत आत. गाळात खापराचे तुकडे, तोफगोळे काही निघालं तर ते खात्याच्या ताब्यात द्यायचं, घरच्या शोकेसमध्ये न्यायचं नाही. इथं दोघंतिघं हसतायत, का ते मला माहीत आहे.

मघाशी चहाच्या वेळी एका मित्रानं मोठ्या मनानं विचारलं, आपल्या बॅचच्या नावाचा ग्रॅनाइटचा फलक लावायला किती खर्च येईल? मित्रा, फलक नको. तू आयुष्यभर सर्व्हे केलेस, तू तळ्याचं मोजमाप करून दे. अर्ज नीट लिहिणारी माणसं इथं आहेत; मराठीच्या बाईंसमोर बसून खोटं बोलू नका. बाकीच्यांनी एप्रिल-मे महिन्यांतला एक सोमवार द्या. रविवार नको, रविवारी गडावर उभं राहायलाही जागा नसते.

भाजे गावातून गायमुख खिंडीनं चढायचं असेल त्यांनी सकाळी सहाला निघा. गुडघे कुरकुरत असतील तर गाडी वाडीपर्यंत येते. पिठलं-भाकरी आमच्या घरी. वही मी बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. नाव, फोन आणि कोणता सोमवार, एवढंच लिहा.