भयपट कोणाच्या हाती द्यावा?



१९६८ सालच्या एप्रिल महिन्यात पिट्सबर्गचे दोन तरुण मोटारीने न्यूयॉर्कला निघाले होते. गाडीत त्यांच्या पहिल्याच चित्रपटाची रिळं होती. वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी लागली. या दोघांपैकी एक जॉर्ज रोमेरो, दुसरा रसेल स्ट्रायनर. त्यांच्या चित्रपटाचा नायक कृष्णवर्णीय होता. रात्रभर चालत्या प्रेतांशी झुंजून तो एकटा जिवंत राहतो आणि सकाळी मदतीला आलेली माणसंच त्याला प्रेत समजून गोळी घालतात. असा चित्रपट घेऊन ते दोघे वितरक शोधायला चालले होते.

आज बोलायचं आहे ते कमी पैशांतल्या भयपटाच्या वितरणाविषयी. या एका चित्रपटापाशी मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण वितरक बरोबर निवडूनही सगळं कसं हातचं जातं, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

रोमेरो आणि मंडळी पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करत. दहा जणांनी सुरुवातीला प्रत्येकी ६०० डॉलर घातले, 'इमेज टेन' नावाची कंपनी काढली आणि अखेरीस सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये चित्रपट उभा केला. कृष्णधवल, इव्हान्स सिटीजवळच्या एका घरात चित्रित केलेला. 'कोलंबिया'ने तो नाकारला. रंगीत चित्रपटांच्या दिवसांत कृष्णधवल कोण घेणार, अशी अडचण होती. मग 'अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स'. स्वस्तातल्या भयपटांवरच मोठी झालेली ही कंपनी, म्हणजे कागदावर याहून योग्य घर नाही. त्यांची अट एकच होती: शेवट बदला, नायकाला वाचवा. रोमेरोंनी नकार दिला. खिशात पैसे नसताना दिलेला तो नकार मला फार मोलाचा वाटतो. तो शेवट काढला असता, तर आज आपण या चित्रपटाचं नावही घेतलं नसतं.

'वॉल्टर रीड' या न्यूयॉर्कच्या कंपनीने शेवटाला हात न लावता चित्रपट घेतला. हवा तो वितरक मिळाला. चित्रपटाचं तेव्हाचं नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. 'द फ्लेश ईटर्स' नावाचा एक चित्रपट आधीच येऊन गेला होता, म्हणून नाव बदलून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' करायचं ठरलं. नाव बदललं म्हणजे पडद्यावरची नावाची पाटी बदलली. जुन्या पाटीवर नावाखाली कॉपीराइटची ओळ होती. नवी पाटी तयार झाली तेव्हा नाव आलं, ती ओळ आली नाही. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ही सूचना नसताना चित्रपट प्रकाशित झाला की हक्क गेला. प्रिंटा थिएटरांत पोचल्या आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. पुढे कोणीही त्याच्या कॅसेट काढाव्यात, कोणत्याही वाहिनीने तो मध्यरात्री दाखवावा, निर्मात्यांना छदाम द्यायला नको. वॉल्टर रीडविरुद्ध कोर्टकचेऱ्या झाल्या. ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. १९९० साली रोमेरोंच्या पटकथेवरून याच चित्रपटाची रंगीत पुनर्निर्मिती झाली, त्यामागे आपलं काही थोडं तरी परत मिळवावं हा हेतू होताच.

म्हणून तरुण निर्मात्यांना मी कळकळीने सांगतो की वितरकाने बनवलेली प्रत बाहेर पडण्याआधी स्वतः बसून पाहा, पहिल्या पाटीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ट्रेलर पाहा, पोस्टरचा मजकूर वाचा. आणि करारात लिहून घ्या की तुमच्या लेखी संमतीशिवाय नावात, लांबीत, श्रेयनामावलीत बदल होणार नाही.

याच चित्रपटाची दुसरीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत प्रमाणपत्रांची नवी पद्धत नोव्हेंबर १९६८ मध्ये आली. हा चित्रपट ऑक्टोबरमध्येच लागला होता. प्रमाणपत्राचं बंधन नसल्यामुळे तो शनिवार दुपारच्या मुलांच्या खेळांनाही लावला गेला. समीक्षक रॉजर एबर्ट अशाच एका खेळाला बसले होते. गंमत म्हणून आलेली मुलं हळूहळू गप्प होत गेली, काही रडू लागली, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. पडद्यासमोर कोण बसणार, हे वितरण ठरवतं. भयपटाच्या बाबतीत तर यावर सगळं अवलंबून आहे.

उलट उदाहरण 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'चं. सुमारे १५,००० डॉलरमध्ये एका घरात केलेला चित्रपट. तो हाती घेणाऱ्या मोठ्या कंपनीचा आधीचा विचार होता की हा बाजूला ठेवून नट-नट्या घेऊन पुन्हा नव्याने करावा. पण चाचणीच्या खेळाला प्रेक्षक किती घाबरतात ते दिसलं आणि मूळ चित्रपटच ठेवला गेला. २००९ च्या सप्टेंबरमध्ये तो आधी लागला १३ कॉलेजांच्या गावांत, मध्यरात्रीच्या खेळांना. भरलेलं थिएटर, अंधार, शेजारी किंचाळणारा अनोळखी माणूस! मग मागणी वाढेल तसे पडदे वाढवले.

आता आपल्याकडे या. वितरक अभिमानाने सांगतो, "दोनशे स्क्रीन देतो." विचारा, कोणत्या वेळेचे? भयपट सकाळी साडेदहाच्या रिकाम्या खेळात मरतो. चाळीस पडदे, पण संध्याकाळचे आणि रात्रीचे, आणि दुसऱ्या आठवड्यात टिकणारे, हा सौदा मी डोळे मिटून घेईन.

दुसऱ्या आठवड्याचं महत्त्व पैशांतही आहे. निर्माते-वितरकांच्या २००९ च्या संपानंतर मल्टिप्लेक्सशी जी तडजोड झाली, तिचं ढोबळ गणित असं: कर वजा जाता वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. तोंडी प्रसिद्धीवर चालणाऱ्या छोट्या चित्रपटाला गर्दी होते ती वाटा उतरू लागल्यावर. त्यात समजा पहिल्या आठवड्यात शंभर रुपये जमले. पन्नास थिएटरचे गेले. उरलेल्या पन्नासावर वितरकाचं वीस टक्के कमिशन धरलं तर राहिले चाळीस. त्यातून प्रसिद्धीचा खर्च, आणि डिजिटल प्रक्षेपणाचं प्रत्येक पडद्यामागचं शुल्क, ज्याला धंद्यात व्हीपीएफ म्हणतात. हा खर्च कमिशनच्या आधी वजा होणार की नंतर, त्याला कमाल मर्यादा आहे की नाही, या दोन ओळींवर निर्माता तरतो नाहीतर बुडतो. किमान रकमेची हमी, म्हणजे मिनिमम गॅरंटी किंवा एमजी, देणारा मिळाला तर उत्तमच. पण छोट्या भयपटाला बहुधा कमिशनवरच काम करावं लागतं. अशा वेळी हिशेब तपासण्याचा हक्क हवाच.

वाटणीची फसगत कशी होते, त्याला 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर' साक्षी आहे. १९७४ साली तो 'ब्रायन्स्टन' या कंपनीने लावला. कंपनीमागची माणसं गुन्हेगारी टोळीशी जोडलेली होती. चित्रपटाने कोट्यवधी कमावले, निर्मात्यांच्या हाती फुटकळ रकमा आल्या. नटांना आणि तंत्रज्ञांना पगाराच्या काही भागाऐवजी नफ्यातले टक्के दिले होते. ते टक्के होते एका कंपनीतले, आणि त्या कंपनीकडे चित्रपटाचा अर्धाच भाग होता, हे त्यांना नंतर कळलं. ऐन टेक्ससच्या उन्हाळ्यात राबलेल्या माणसांचा वाटा एका झटक्यात निम्मा झाला. "टक्के कशाचे?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

प्रदेशाचाही विचार करा. आपली वितरणाची सर्किटं आजही जुन्या नकाशावर चालतात. विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निजाममध्ये, उरलेला बहुतेक महाराष्ट्र मुंबई सर्किटमध्ये. मुंबईचा वितरक म्हणतो, "महाराष्ट्र माझ्याकडे," तेव्हा नांदेड आणि अकोला त्यात आहेत का, हे कागदावर पाहा. हिंदी भयपट करणाऱ्या रामसे बंधूंना ही जाण पक्की होती. १९७२ चा 'दो गज ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला थोडक्या पैशांत केला, आणि पुढची अनेक वर्षं लहान गावांच्या थिएटरांवर राज्य केलं. शहरातल्या समीक्षकांनी नाकं मुरडली, तरी त्यांचा प्रेक्षक कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

प्रमाणपत्राकडेही लक्ष हवं. 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट आपल्याकडे टीव्हीवर दाखवता येत नाही. म्हणून वितरक कात्री लावायला सांगेल. कुठे मान्य करावं, कुठे अडून बसावं, हे दिग्दर्शकाने आधीच ठरवलेलं असावं. दोन वार कमी झाले तर चित्रपट मरत नाही. शेवट बदलला तर मरतो.

आणि मुदत! 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा थिएटरांत फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. उसाच्या फडात घडणारी 'लपाछपी' २०१७ ची. चार वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने तिची हिंदी 'छोरी' केली आणि ती ओटीटीवर आली. भयपटाचं आयुष्य असं लांबतं. तेव्हा थिएटर, सॅटेलाइट, ओटीटी, पुनर्निर्मिती, पुनःप्रदर्शन हे सगळे हक्क वेगवेगळे लिहा, प्रत्येकाला वर्षांची मर्यादा घाला, आणि वितरकाची कंपनी बुडाली तर हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतील, असं कलम वकिलाकडून घालून घ्या. 'कायमस्वरूपी' हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा.

सही करण्यापूर्वी शेवटचं एक काम करा. त्या वितरकाने आधी लावलेल्या तीन छोट्या चित्रपटांची नावं घ्या, त्यांच्या निर्मात्यांना फोन करा आणि विचारा: हिशेब वेळेवर आला का, आणि दुसऱ्या आठवड्यात तो तुमचा फोन उचलत होता का?