पुलावर सही कोणाची?

मागच्या वेळी कबूल केलं होतं, म्हणून आज सिनेमावर बोलतो. सिनेमा 'जाने भी दो यारो'. कुंदन शाह यांचा, १९८३ चा, एनएफडीसीच्या मदतीने जेमतेम सात लाखांत केलेला.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी इंजिनिअर्समध्ये नवा लेफ्टनंट होतो. मेसमधल्या व्हिडिओवर लागला होता. ओम पुरी दारूच्या नशेत शवपेटीला मोटार समजतो, सतीश शाहचं प्रेत महाभारताच्या प्रयोगात द्रौपदी होतं. हसून हसून आमची पोटं दुखली. भक्ती बर्वे दिसल्या की मी सरसावून बसायचो. 'ती फुलराणी'तल्या भक्तीताई इथे खंडणी मागणाऱ्या संपादक झाल्यात, हे तेव्हा पचलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला, इथे पापनाशमला. (कमल हासनच्या सिनेमातलं पापनाशम तिरुनेलवेलीकडचं. आमचं तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचं.) सोबत शेजारचे निवृत्त ओव्हरसीयर होते. हिंदी येत नाही, खालची इंग्रजी अक्षरं वाचत होते. द्रौपदीच्या वेळी खुर्चीतून पडायचे बाकी होते.

पूल कोसळला आणि ते गप्प झाले. मीही. सिमेंटमधली भेसळ, लाच, खून, सगळं करणारे शेवटी एकत्र येतात आणि पूल पाडल्याचा आळ दोन गरीब फोटोग्राफरांवर टाकतात. कैद्यांच्या कपड्यांत ती दोघं आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. मेसमध्ये आम्ही यालाही हसलो होतो.

ओव्हरसीयर म्हणाले, "सार, पूल पूर्ण झाल्याच्या कागदावर सही कोणाची असेल?"

सिनेमात ते दाखवत नाहीत. पण मला माझी सही आठवली. डोंगरातल्या रस्त्यावर एक मोरी बांधली होती. काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी अठ्ठाविसाव्या दिवशी करायची असते. पाहणीला साहेब येणार होते विसाव्या दिवशी. "कर रे सही, काही होत नाही," असं वरून सांगितलं गेलं. मी केली. मला कोणी दमदाटी केली नव्हती. पैसेही नव्हते त्यात. पंधरवड्यात बदली झाली, आणि त्या चाचणीचं काय झालं हे मी कधी विचारलंच नाही. नंतर सुटीवर जाताना दोनदा त्या भागातून गेलो, दोन्ही वेळा दुसऱ्या रस्त्याने.

हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शेजाऱ्यांना सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "स्लॅब किती जाडीचा होता?"