नर्सिंगचं कर्ज: सहीआधीचा हिशेब

कर्जत-खालापूरकडच्या अनेक घरांत बारावीनंतर मुलगी म्हणते, "नर्सिंग करते." मग बाबांचा प्रश्न येतो, कर्ज फिटेल का?

कागद-पेन्सिल घ्या. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. दरवर्षी एक लाख, दहा टक्के व्याजाने उचलले असं धरू. शिक्षणाच्या काळात आणि वर बहुधा एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज झोपत नाही! पाच वर्षांत साध्या व्याजाचेच एक लाख चाळीस हजार होतात. मग दहा वर्षं महिन्याला सुमारे ७,१०० रुपये भरावे लागतील. शिकतानाच व्याज भरत गेलात, तर हप्ता ५,३०० च्या आसपास येतो.

आता पगार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांसाठी किमान वीस हजारांची शिफारस केली. ती शिफारसच, हाती येणारा आकडा कमीही असतो. वीस हजार धरले तरी ७,१०० च्या हप्त्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जातं, आणि पनवेल-नवी मुंबईचा लोकलचा पास, जेवणखाण वेगळंच. राज्य सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन मात्र ३५,४०० पासून सुरू होतं. या पदासाठी तीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमाही चालतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

माझं मत विचाराल, तर कर्ज घ्या, पण बेताचं. आणि प्रवेशाआधी कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा.