आनंदीबाईंचं लुगडं आणि आपली बॅग

(पुण्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय 'परदेशप्रवास आणि स्त्रियांचा पोशाख'. माझं मत आधीच सांगून टाकते. जिथल्या रीती आपल्यापेक्षा कडक आहेत अशा देशात जाताना तिथला मान ठेवायचाच, त्याबद्दल वाद नाही. पण तो मान कोणत्या कपड्यात ठेवायचा, हे ते कपडे दिवसभर अंगावर वागवणाऱ्या बाईनं ठरवावं. नवऱ्यानं नाही, सासरच्यांनी नाही आणि सहल नेणाऱ्यांच्या छापील यादीनंही नाही.

याला माझा दाखला पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचा. त्यांचं चरित्र पुणेकरांना मी नव्यानं काय सांगणार! नवरा गोपाळराव, लहानपणीचं लग्न, गेलेलं मूल हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मी फक्त त्यांच्या कपड्यांबद्दल बोलणार आहे.

२४ फेब्रुवारी १८८३. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, कॉलेजच्या सभागृहात, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची ही मुलगी इंग्रजीत भाषण करते. डॉक्टर व्हायला आपण अमेरिकेला का जातोय ते सांगते. त्यात मुंबईची एक हकीकत आहे. पायात बूट-मोजे आणि हातात पुस्तकं घेऊन ती शाळेत निघाली, की लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढायचे, गाड्या थांबवायचे, ही बूट-मोजे घालून शाळेत चाललेली बाई कोण, म्हणून हसायचे. अंगावर लुगडं होतं, कुंकू होतं, सगळं रीतीप्रमाणे होतं. खुपले ते बूट आणि मोजे. म्हणजे ज्यांनी नीट चालता येतं तेच!

त्याच भाषणात त्यांनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पोशाख आणि आहार बदलणार नाही. ७ एप्रिलला बोट सुटली, ४ जूनला न्यूयॉर्क आलं. मग फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. आणि तिथं खरी अडचण उभी राहिली. आपल्याकडं नऊवारी आणि चोळी म्हणजे अब्रूदार पोशाख. कासोटा घातला की पोटऱ्या दिसतात, त्याचं आपल्याकडं कुणाला काही वाटत नव्हतं. त्या काळच्या अमेरिकेत मात्र बाईचा घोटासुद्धा झाकलेला हवा! आज आपण ज्या देशांना कर्मठ म्हणतो त्यात अमेरिका मोजत नाही. तेव्हा कपड्यांच्या बाबतीत ती पुण्याहून कर्मठ होती. [हशा] हसताय, पण त्या मुलीला ते हसण्यासारखं नव्हतं. वर तिथली थंडी. कमरेशी आणि पोटऱ्यांशी उघडं राहणारं लुगडं बर्फात कसं पुरणार?

त्यांनी काय केलं? झगा शिवला नाही. गुजराती पद्धतीनं, पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. दिलेला शब्द राखला, यजमानांची रीत राखली आणि पायही झाकले. १८८५ च्या ऑक्टोबरमधला एक फोटो तुम्ही पाहिला असेल. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत. डावीकडं साडीतल्या आनंदीबाई, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडं आपल्या देशी पोशाखातल्या सीरियाच्या सबात इस्लांबुली. तिघीही डॉक्टर होण्यासाठी आलेल्या आणि तिघीही आपापल्या कपड्यांत. तो फोटो मी पुन्हापुन्हा बघते. तिघींपैकी कुणी दुसऱ्याचं सोंग घेतलेलं नाही.

(घड्याळ बघते आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.)

आखातात एका मोठ्या मशिदीत आमच्याबरोबर सदाशिव पेठेतल्या एक आजी होत्या. जन्मभर नऊवारी. डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून दारात उभ्या. तिथल्या बाईनं नम्रपणे सांगितलं, पाय दिसताहेत, आत सोडता येणार नाही. आजींचा चेहरा उतरला. "अगं, मी काय कमी कपड्यात आलेय का?" सून म्हणाली, आपण बाहेरच थांबू. मुलगा म्हणाला, तरी सांगत होतो पंजाबी ड्रेस घाल. आजी कुणाचंच ऐकेनात. बॅगेला बांधलेली नाडी सोडून घेतली, सुनेला घेऊन स्वच्छतागृहात गेल्या, कासोटा सोडला, नाडी कमरेला आवळली आणि तेच लुगडं गोल नेसून पाच मिनिटांत बाहेर आल्या. निऱ्या जरा जाड झाल्या होत्या, नऊ वारांचा घोळ तो. दारावरच्या बाईनं स्वतः त्यांचा पदर सारखा केला आणि हाताला धरून आत नेलं. परतताना बसमध्ये आजी एवढंच म्हणाल्या, "पायात अडकतं गं हे. पायऱ्यांवर धरवत नव्हतं." बाकी सगळ्यांनी मशिदीच्या झुंबरांचं कौतुक केलं. पायऱ्यांचं एकट्या आजींना कळलं, कारण लुगडं त्यांच्या अंगावर होतं.

चिठ्ठी आली आहे. 'मग इराणमधल्या सक्तीचं तुम्ही समर्थन करता का?' नाही हो, मुळीच नाही! १९८३ पासून तिथं डोकं झाकण्याचा कायदा आहे आणि २०२२ साली महसा अमिनी या तरुणीचा कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा तिथल्या बायका त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. मी त्यांच्या बाजूची आहे. मी जे म्हणतेय ते दोन्हीकडं लागू आहे. झाकायची सक्ती जितकी चूक, तितकंच सोयीसाठी झाकणाऱ्या बाईला मागासलेली म्हणणंही चूक. जंगली महाराज रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या बायका बघा. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये, खांद्यापर्यंत हातमोजे, वर सनकोट. कुणी सांगितलं त्यांना? ऊन, धूर आणि धुळीनं. [टाळ्या]

घंटा वाजली का? दोनच मिनिटं द्या, कामाचं राहिलंय.

बॅग भरताना कपडे सुती घ्या. उन्हाच्या देशात सिंथेटिक अंगाला चिकटतं आणि झाकलेलं असूनही अंगाचा आकार दाखवतं. कुर्ता गुडघ्याखाली, बाह्या मनगटापर्यंत पण सैल, आणि शिंप्याला सांगून आत पासपोर्ट मावेल एवढा चोरखिसा. अडीच मीटरची मलमलची ओढणी. डोकं, खांदा, विमानातली थंडी, सगळं भागतं. बूट नवे नकोत, पायात रुळलेले घ्या. नियम निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा, कारण ते बदलतात. सौदीनं २०१९ मध्ये पर्यटकांना व्हिसा द्यायला सुरुवात केली आणि परदेशी बायकांना अबाया लागणार नाही, साधा, अंगभर पोशाख पुरे, असं सांगितलं. तरी आपल्याकडं अजून घाबरून काळे अबाये विकत घेतात. तिथं राहिलेल्या मराठी बायका पुण्यात पुष्कळ आहेत, त्यांना फोन करा. आणि सहलीच्या मीटिंगला कपड्यांचा विषय निघाला, की नवरे उत्तरं द्यायला लागतात. तेव्हा बायकांनो, माईक तुम्ही मागून घ्या.

उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरं खाली व्हरांड्यात देते.