अंगणातली आगगाडी आणि प्रमाणाचं सोवळं



रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी लोकांचं जग लहान आहे, पण तिथली भांडणं लहान नाहीत. त्यातलं एक भांडण पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. घरात, टेबलावर रेल्वे मांडणारी मंडळी बागेत रेल्वे मांडणाऱ्यांना आपल्या पंगतीला बसवून घ्यायला राजी नसतात. “ती रेल्वे नव्हे, खेळणं,” असा त्यांचा निकाल ठरलेला. एखाद्या कलेत मुरलेली माणसं अस्सल काय आणि नक्कल काय याची रेघ कुठे ओढतात, आणि नेमकी तिथेच का ओढतात, हे इतर कलांमध्ये वादाचं असतं. इथे मात्र मोजपट्टी लावून ते तपासता येतं. म्हणून हा विषय मी आज निवडला.

पुण्यातलं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे म्युझियम ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना घरातल्या रेल्वेची कल्पना आहे. छपराखाली वसवलेलं एक अख्खं गाव, आणि त्यातून फिरणाऱ्या गाड्या. जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, 1:87. यात रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, 16.5 मिलिमीटर. खऱ्या स्टँडर्ड गेजचे 1435 मिलिमीटर भागिले 87, उत्तर जवळजवळ बरोबर 16.5. हिशेब चोख. बागेतल्या रेल्वेचे रूळ बहुधा 45 मिलिमीटरचे असतात, आणि भांडणाचं मूळ या 45 मध्येच आहे.

त्याआधी थोडा इतिहास. आज ज्याला नावं ठेवली जातात तो प्रकार खरं तर आधीचा आहे. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत क्रमांक लावलेली ठरावीक गेज मांडली. 1899 च्या सुमारास इंग्लंडात नॉर्दम्प्टनला बॅसेट-लोकने अशाच गाड्यांचा धंदा सुरू केला. त्या काळच्या मोठ्या गाड्यांना वळायलाच इतकी जागा लागे की ऐपतदार हौशी माणूस सरळ बागेत रूळ टाकी. पुढे घरं आक्रसली, इंजिनातल्या मोटारी बारीक झाल्या, 1922 मध्ये बिंग कंपनीची टेबलावरची छोटी रेल्वे आली आणि छंद घरात शिरला. म्हणजे बागेतली रेल्वे ही घरातल्या रेल्वेची बिघडलेली धाकटी बहीण नाही, थोरली आहे.

मग तिरस्कार आला कुठून? अमेरिकेत 1934 मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक निघालं आणि पुढच्याच वर्षी मिलवॉकीत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली. चाकाची कड किती जाड असावी, सांध्यात किती फट चालेल, याची मानकं ठरू लागली. तेव्हा बाजारात लायनेलच्या तीन रुळांच्या, पत्र्याच्या खेळण्यातल्या गाड्यांचं राज्य होतं. आपण मुलं नाही, आपण कारागीर आहोत, हे या मोठ्या माणसांना जगाला पटवून द्यायचं होतं. ‘स्केल’ हा शब्द त्यांचं जानवं झाला. ज्याच्याकडे प्रमाण तो आत, बाकीचे बाहेर.

आणि 1968 मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत लेमान कंपनीने एलजीबी ही बागेत चालणारी रेल्वे आणली. कंपनी 1881 सालची, चावीची पत्र्याची खेळणी करणारी. श्टाइंत्स नावाचं गुबगुबीत इंजिन, प्लास्टिकचे रंगीत डबे, पावसात भिजलं तरी चालेल असं काम. दारातून हाकललेलं खेळणं खिडकीतून परत आलं, तेही आधीपेक्षा मोठं होऊन. सोवळ्यातल्या मंडळींनी नाक मुरडलं नसतं तरच नवल.

त्यांच्या तक्रारी पोकळ मात्र नव्हत्या. एलजीबीचं प्रमाण 1:22.5. या प्रमाणात 45 मिलिमीटर म्हणजे मीटर गेज, हिशेब जमतो. पण मग इतर कंपन्यांनी त्याच रुळांवर आपापल्या प्रमाणाच्या गाड्या सोडल्या. 1:32 मध्ये हेच रूळ स्टँडर्ड गेज ठरतात. 1:20.3 मध्ये ते अमेरिकेतलं तीन फुटी नॅरो गेज. हीसुद्धा गणितं बरोबर आहेत. गडबड 1:29 मध्ये आहे. एलजीबीच्या डब्यांशेजारी मोठ्या लाइनची गाडी भरदार दिसावी म्हणून हे प्रमाण आलं. त्याला 49.5 मिलिमीटर हवेत, मिळतात 45. या सगळ्या गाड्यांच्या खोक्यांवर ‘जी’ हे एकच अक्षर, आणि एकाच बागेत एकामागून एक त्या धावणार. इंजिनाच्या ड्रायव्हरने मागच्या डब्यात जायचं म्हटलं तर त्याला वाकून शिरावं लागेल. घरातले कारागीर यालाच हिणवत.

आता रुळाकडे जरा जवळून पाहू. एलजीबीच्या पितळी रुळाची उंची सुमारे 8.4 मिलिमीटर. तिला 22.5 ने गुणा, जवळजवळ 19 सेंटिमीटर. युरोपच्या मुख्य मार्गांवरच्या यूआयसी 60 रुळाची उंची 17.2 सेंटिमीटर. म्हणजे डोंगरातली चिमुकली गाडी एक्स्प्रेसच्या रुळापेक्षा दांडग्या रुळावरून चाललेली आहे. नजर तयार असलेल्या माणसाला हे खुपणारच. पण बागेत त्या रुळावर माणसाचा पाय पडणार, कुत्रा धावणार, घसरत आलेला दगड बसणार. रूळ जाड आहे तो निष्काळजीपणाने नव्हे, बागेत टिकायचं आहे म्हणून.

आता हीच मोजपट्टी घरात नेऊ. ब्रिटनमधलं सर्वांत लोकप्रिय घरगुती प्रमाण डबल-ओ, 1:76. त्याला रूळ हवेत 18.83 मिलिमीटर अंतराचे. असतात एचओचेच, 16.5 चे. कारण ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने लहान. 1:87 मध्ये केली तर त्या वेळची मोटार आत मावेना. म्हणून वरचा भाग मोठा केला आणि रूळ तेच ठेवले. ही चूक बारा टक्क्यांची. बागेतल्या बदनाम 1:29 ची चूक नऊ टक्क्यांची. अमेरिकेचं ओ गेज 1:48 चं. त्याचे रूळ मोजले तर खऱ्या मापात पाच फूट भरतात, स्टँडर्ड गेज तर चार फूट साडेआठ इंच. ज्यांना हे सहन झालं नाही त्यांनी ब्रिटनमध्ये नेमक्या 18.83 मिलिमीटरवर हाताने रूळ बांधायला सुरुवात केली. अशा लोकांना मी हात जोडतो. पण ते थोडे. बाकीचे बारा टक्क्यांच्या रुळावर बसून नऊ टक्क्यांवाल्याला हसत होते.

वळणांचंही तेच. भारतातल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे 175 मीटर त्रिज्येचं. 1:87 मध्ये ही त्रिज्या दोन मीटर होते, वळसा पुरा करायचा तर खोली चार मीटर रुंद हवी. म्हणून घरोघरी 18 इंच त्रिज्येचं वळण वापरलं जातं. खऱ्या मापात ते 40 मीटर. एक्स्प्रेसचे लांब डबे तिथे एकमेकांना कोपरखळ्या मारतात, आणि कुणी त्याला खेळणं म्हणत नाही.

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन ॲलन यांची एचओ रेल्वे होती. या छंदातलं ते तीर्थक्षेत्रच. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, दऱ्या, पूल. त्या रेल्वेत डबे इकडून तिकडे ढकलण्यासाठी एमा नावाचा एक स्टेगोसॉरस डायनोसॉर होता. तो कुठल्या प्रमाणात बसतो हे कुणी विचारलं नाही. ॲलन आतल्या गोटातले होते, म्हणून त्यांचा डायनोसॉर विनोद ठरला. बागेतल्या माणसाचं रंगीत इंजिन अडाणीपणा ठरलं.

तेव्हा मोजपट्टीने हा वाद मिटत नाही, कारण दोघं रेल्वेतलं वेगवेगळं काही मोजतात. घरातला कारागीर रेल्वेचं रूप मोजतो. बागेतला माणूस, त्याला कळो वा न कळो, रेल्वेचं काम अंगावर घेतो.

काम म्हणजे काय? पितळ तापलं की वाढतं. दहा मीटर रुळाचं तापमान 40 अंशांनी चढलं तर तो साडेसात मिलिमीटर लांब होतो. सांध्यात फट ठेवली नाही तर दुपारी रूळ वाकडा होऊन उठतो, खऱ्या रेल्वेत उठतो तसाच. थंड देशांत हिवाळ्यात माती गोठून फुगते आणि मार्ग उचलला जातो. वसंतात बागेतला माणूस गुडघ्यावर बसून रुळावर लेव्हल ठेवतो, जिथे बुडबुडा सरकतो तिथे स्लीपरखाली बारीक खडी सारतो आणि काठीने ठोकून बसवतो. आपला गँगमन पहारीने हेच करतो. खडीखालून पाणी वाहून जायला उतार द्यावा लागतो. घरातल्या रेल्वेत खडी डिंकाने चिकटवलेली असते. ती खडीसारखी दिसते, पण तिला कुठलंच पाणी वाहून न्यायचं नसतं. घरात वाघिणीवर ब्रशने गंज रंगवतात, आणि ते उत्तम कसब आहे. बागेत गंज आपणहून येतो, तो काढायचं कसब लागतं.

झाडांची गोष्ट दोन्ही बाजूंना अडचणीची. घरात तार आणि रंगवलेला स्पंज वापरून झाड होतं. दिसायला अचूक, कधी न वाढणारं. बागेत खरं रोप असतं, पण पानाला प्रमाण कळत नाही. थाइमचं पाच मिलिमीटरचं पान 22.5 ने गुणलं तर अकरा सेंटिमीटर होतं, ते चालून जातं. जिरेनियमचं पान मात्र त्याच हिशेबाने मीटरभराच्या वर जातं, आणि स्टेशनमास्तर त्याखाली छत्रीखाली असल्यासारखा उभा राहतो. म्हणून जाणकार बागवाला बारीक पानांचीच रोपं निवडतो आणि कात्री हातातून खाली ठेवत नाही. 1984 मध्ये अमेरिकेत ‘गार्डन रेल्वेज’ मासिक निघालं, तेव्हापासून ही बागकामाची अक्कलही छंदाचा भाग मानली जाऊ लागली.

भिंत हळूहळू खचली ती दोन्हीकडून. 1:20.3 या प्रमाणाला मिलवॉकीत स्थापन झालेल्या त्याच संस्थेने ‘एफएन-3’ असं रीतसर नाव दिलं. रिव्हेट मोजणारे कारागीर बागेत उतरले. नजर अधू झाल्यावर बरेच घरातले लोक मोठ्या प्रमाणाकडे वळतात. मग डोळ्यांऐवजी गुडघे तक्रार करू लागतात, ते वेगळं.

माझं मत विचाराल तर सोवळ्यातल्या मंडळींचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे: खोक्यावर खरं प्रमाण छापलेलं असावं आणि गाड्यांची खिचडी करू नये. पण तडजोड बागेतल्यांना चुकली नाही, घरातल्यांनाही चुकली नाही. मोटार मावेना म्हणून केलेली तडजोड शास्त्र आणि ऊन-पाऊस सोसावा म्हणून केलेली तडजोड पोरखेळ, हा न्याय नव्हे. रूळ कशासाठी बदलला हे ज्याला सांगता येतं तो कारागीर, मग तो छपराखाली असो की उघड्यावर.

आणि तुमच्यापैकी कुणाला अंगणात रूळ टाकायची लहर आलीच, तर माथेरानची गाडी घ्या. दोन फुटी गेज, म्हणजे 610 मिलिमीटर. 1:19 मध्ये ते 32 मिलिमीटर होतं. ब्रिटनमधले नॅरो गेजचे लोक याच प्रमाणात काम करतात, रूळही मिळतात. हिशेब चोख, तीव्र वळणं खऱ्या गाडीचीच, तेव्हा कुठलाही कट्टर टीकाकार बोट ठेवू शकणार नाही. पावसाळ्यात तुमची गाडी चालली नाही तरी ओशाळू नका. नेरळहून घाट चढणारी खरी गाडीसुद्धा त्या दिवसांत बंदच असते.